दुधातला किरणोत्सार कसा काढतात? ठाणे-नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाडीपलीकडे ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र, उत्तरेला तारापूरचं अणुवीज केंद्र, आणि पहाटे दारात येणारं दूध. त्यामुळे हे प्रश्न इकडून सतत येतात. कळव्या-भिवंडीकडचे तबेलेवाले विचारतात, सोसायटीतल्या आया विचारतात, डेअरीत काम करणारी मुलं विचारतात. आधीच सांगतो: आज घरी येणाऱ्या दुधावर यातलं काहीही करायची गरज नाही. ही माहिती अणुअपघातानंतरच्या दिवसांसाठी आहे. एकाच गोष्टीबद्दल अनेक प्रश्न असतील तर उत्तर एकदाच दिलं आहे, बाकी ठिकाणी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दूध किरणोत्सारी होतं म्हणजे नक्की काय होतं?

अपघातात हवेत गेलेले किरणोत्सारी अणू धुळीबरोबर किंवा पावसाबरोबर गवतावर आणि उघड्या पाण्यावर पडतात, जनावर ते खातं-पितं आणि त्यातला काही भाग दुधात उतरतो. दूध नासत नाही. रंग, वास, चव, फॅट, डिग्री (लॅक्टोमीटरचं माप) सगळं तसंच राहतं, म्हणून संकलन केंद्रावरच्या नेहमीच्या तपासणीत काही कळत नाही.

तीन नावं महत्त्वाची. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य ८ दिवस, म्हणजे दर ८ दिवसांनी ते निम्मं होतं. ते थायरॉइड ग्रंथीत साठतं. सीझियम-१३७ चं अर्धायुष्य ३० वर्षं, आणि ते शरीरात पोटॅशियमसारखं वागून स्नायूंत पसरतं. त्याच्या जोडीला सीझियम-१३४ असतं, त्याचं अर्धायुष्य २ वर्षं. स्ट्रॉन्शियम-९० चं सुमारे २९ वर्षं. ते कॅल्शियमसारखं वागून हाडात बसतं.

दुधात ही तिन्ही वेगवेगळ्या जागी असतात. सीझियम पाण्याच्या भागात विरघळलेलं असतं. आयोडीनही बहुतेक पाण्यातच, थोडं प्रथिनाला चिकटलेलं. स्ट्रॉन्शियमचा मोठा वाटा मात्र केसीन या प्रथिनाच्या कणांत कॅल्शियमबरोबर अडकलेला असतो. तुपात जवळजवळ कोणीच जात नाही. पुढची बरीच उत्तरं या चार वाक्यांवर उभी आहेत.

२. भाजी, धान्य, मासे सोडून दुधाचीच एवढी काळजी का?

कारण गाय दिवसभरात मोठ्या क्षेत्रावरचं गवत गोळा करते, आणि त्यावर पडलेलं आयोडीन काही तासांत दुधात दिसू लागतं. दोन-तीन दिवसांत ते सर्वांत जास्त असतं. धान्य पिकायला महिने लागतात, दूध मात्र त्याच दिवशी बाळाच्या वाटीत येतं. बाळाची थायरॉइड लहान, त्यामुळे तेवढ्याच दुधातून तिला मिळणारा डोस मोठ्यांच्या कितीतरी पट. १०० बेकरेल (किरणोत्सार मोजायचं एकक, प्र. ५) आयोडीन असलेलं १ लिटर दूध मोठ्या माणसाला साधारण २ मायक्रोसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या डोसचं एकक) देतं, वर्षाच्या मुलाला सुमारे १८.

एप्रिल १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर तिथल्या मुलांना काही आठवडे गावातलंच दूध मिळत राहिलं. त्या वेळी लहान असलेल्यांत २००५ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे ६,००० हून अधिक रुग्ण सापडले, आणि त्यांतला मोठा वाटा त्या दुधाकडे जातो. याउलट ऑक्टोबर १९५७ मध्ये इंग्लंडमधल्या विंडस्केलच्या अणुभट्टीला आग लागली, तेव्हा सुमारे ५०० चौरस किलोमीटरमधलं दूध काही दिवसांतच थांबवण्यात आलं. दूध वेळेवर थांबवणं हाच सर्वांत मोठा इलाज आहे, हे आम्ही कितीही वेळा सांगायला तयार आहोत.

३. दूध दोन-तीन वेळा खळखळून उकळलं तर?

काही उपयोग नाही. उकळल्याने जंतू मरतात. अणूच्या गाभ्यावर चुलीच्या उष्णतेचा काडीइतकाही परिणाम होत नाही. उलट पाणी उडाल्यामुळे उरलेल्या दुधात किरणोत्साराचं प्रमाण वाढतं. पाश्चरायझेशन, यूएचटी (दूध काही सेकंद अतिशय तापवणं), फ्रीजर यांचंही तेच.

४. आरओ, कोळशाची गाळणी किंवा बारीक फिल्टरमधून दूध काढलं तर?

नाही. किती कमी पदार्थ पकडायचा आहे ते पाहा. लिटरला १,००० बेकरेल सीझियम-१३७ म्हणजे वजनाने १ ग्रॅमचा सुमारे ३०० कोटीवा भाग. त्याच लिटरमध्ये जवळपास तसंच वागणारं पोटॅशियम दीड ग्रॅम आहे. गाळणीला हा फरक कळत नाही. आरओच्या पडद्यातून पलीकडे फक्त पाणी जातं आणि अलीकडे दूध घट्ट होतं, किरणोत्सारासकट. घरगुती मशीन बाद होईल ते वेगळंच. नेमकं वेचून काढणारी साधनं आहेत, पण ती कारखान्यातली (प्र. १२, १३).

५. किती बेकरेल असले तर दूध पिऊ नये?

१ बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचं विघटन. आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी कोडेक्सच्या (अन्नाची जागतिक मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) मार्गदर्शक पातळ्या अशा आहेत: आयोडीन-१३१ आणि स्ट्रॉन्शियम-९० किलोला १०० बेकरेल, सीझियम-१३४ आणि १३७ मिळून १,०००. युरोपने चेर्नोबिलनंतर आयात दुधासाठी सीझियमची मर्यादा ३७० ठेवली. जपानने मार्च २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर आधी २०० ठेवली आणि १ एप्रिल २०१२ पासून ती दुधासाठी ५० वर आणली.

आकडे वेगळे दिसतात कारण प्रत्येक ठिकाणी लोक असं अन्न किती खातील आणि किती काळ खातील याचा अंदाज वेगळा धरलेला असतो. मर्यादेपेक्षा एक बेकरेल वर गेलं की विष झालं, असा त्याचा अर्थ नाही. प्रत्यक्ष प्रसंगी आपल्याकडे जी मर्यादा अधिकृतपणे जाहीर होईल तीच पाळायची, इंटरनेटवरची नाही.

६. साध्या दुधातही किरणोत्सार असतो म्हणतात. खरं का?

खरं आहे. पोटॅशियम हे मूलद्रव्य निसर्गतःच किंचित किरणोत्सारी आहे. १ ग्रॅम पोटॅशियममध्ये सुमारे ३१ बेकरेल, म्हणजे लिटरभर दुधात ४५-५० बेकरेल. हे कायम होतं, कायम राहणार, आणि शरीर पोटॅशियमचं प्रमाण स्वतः सांभाळतं. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘पोटॅशियम-४०’ समोर पन्नासच्या आसपासचा आकडा दिसला तर घाबरू नका. तो आकडा दिसलाच नाही तर मात्र मोजणीत गडबड आहे.

७. आयोडीन ८ दिवसांत निम्मं होतं, तर दूध ८ दिवस फ्रीजमध्ये ठेवून प्यायलं तर चालेल?

दिशा बरोबर आहे, मुदत अपुरी. समजा दुधात लिटरला २,००० बेकरेल आयोडीन आहे आणि १०० च्या खाली यायचं आहे. २,००० चे १,०००, मग ५००, २५०, १२५, आणि मग कुठे १०० च्या आत. म्हणजे साधारण ३५ दिवस. ८० दिवसांत ते हजारावा भाग उरतं. ताजं दूध तेवढं टिकत नाही, म्हणून टिकणारा पदार्थ करून थांबायचं (प्र. ८, १४). आणि आयोडीनबरोबर सीझियमही आहे का, हे मोजल्याशिवाय थांबण्याला अर्थ नाही. सीझियमसाठी थांबायचं तर तीस-तीस वर्षं मोजावी लागतील.

८. दुधाची पावडर केली की किरणोत्सार जातो का?

जात नाही, पण वेळ मिळतो. फक्त आयोडीन असलेलं दूध पावडर करून तीन महिने बंद गोदामात ठेवलं की ती पावडर वापरता येते, आणि हा डेअरीसाठी सर्वांत कमी नुकसानीचा मार्ग आहे.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. साधारण ११ लिटर स्किम दुधाची १ किलो पावडर होते, त्यामुळे लिटरला ५० बेकरेल सीझियम असलेल्या दुधाच्या पावडरीत किलोला ५५० दिसतात. कोडेक्सची पातळी पिण्याजोग्या, म्हणजे पाणी घालून केलेल्या दुधाला लावायची असते, कोरड्या पावडरीला नाही. आयात मालाचा अहवाल वाचताना आकडा कोरड्याचा की कालवलेल्याचा, हे आधी पाहा.

९. आमचा ४० म्हशींचा तबेला आहे. अपघाताची सूचना आली तर पहिल्या दिवशी काय करायचं?

दुधातून काढण्यापेक्षा म्हशीच्या पोटात जाऊ न देणं शंभर पटीने सोपं आहे. तबेल्याला इथे एक फायदा आहे: जनावरं चरायला जात नाहीत, बांधलेली असतात आणि बराचसा चारा सुका असतो. तो फायदा हातचा घालवू नका.

ओलं गवत त्याच तासाला बंद. आधीच कापून आत आणलेलं असेल तर चालेल, पण सूचनेनंतर कापलेलं अजिबात नको. पेंढ्याची गंजी, कडबा, पेंड, सरकी, चुणी सगळं ताडपत्रीखाली घ्या. गंजी उघडी राहिली असेल तर वरचा आणि कडेचा थर बाजूला काढा, आतला पेंढा स्वच्छ असतो. दुभत्या म्हशीला दिवसाला १० ते १५ किलो कोरडा चारा-खुराक लागतो, म्हणजे ४० जनावरांना १० दिवसांसाठी ४ ते ६ टन. एवढा साठा छपराखाली कायम असावा. पहिला पैसा ताडपत्रीवर आणि छपरावर घाला, यंत्रांवर नको.

पाणी हा दुसरा मुद्दा. जनावराला दिवसाला ६० ते ८० लिटर लागतं. बोअरवेलचं किंवा झाकलेल्या टाकीतलं द्या. उघडा हौद, डबकं, पन्हाळीचं पाणी बंद. जून ते सप्टेंबरमध्ये जास्त जपा, कारण पावसाच्या सरीबरोबर हवेतले कण झपाट्याने खाली येतात आणि कोरड्या दिवसापेक्षा कितीतरी जास्त गवतावर बसतात.

धार काढण्याआधी कास धुणं, भांडी झाकणं, गोठ्यात झाडू न मारता पाणी मारून सफाई करणं, हे नेहमीचंच, पण आता धुळीसाठी. शेण-मुताचा निचरा चाऱ्यापासून लांब ठेवा.

चुकून ओला चारा खाल्ला गेला असेल तरी स्वच्छ चाऱ्यावर आणताच फरक पडतो. आयोडीन दुधातून साधारण दिवसागणिक निम्मं होत उतरतं. सीझियम पहिल्या काही दिवसांत झपाट्याने आणि नंतर दोन-चार आठवडे हळूहळू. स्ट्रॉन्शियम हाडात गेलेलं असल्यास ते थोडं थोडं करत बराच काळ दुधात उतरत राहतं. तोवरचं दूध वेगळ्या कॅनमध्ये, वेगळ्या खुणेने ठेवा, चांगल्या दुधात ओतू नका (प्र. १५).

१०. जनावराला निळं औषध देतात, ते काय? नीळ चालेल का?

ते प्रशियन ब्लू, त्यातही अमोनियम असलेला प्रकार. आतड्यात सीझियम त्याला घट्ट चिकटतं आणि शेणावाटे निघून जातं, रक्तात शिरत नाही. चेर्नोबिलनंतर युरोपात हे हजारो जनावरांना दिलं गेलं. गाईला खुराकातून दिवसाला ३ ग्रॅम दिले तर दुधातलं सीझियम ८० ते ९० टक्के कमी होतं. खुराक रोज देता येत नसेल तिथे पोटात महिना-दोन महिने हळूहळू विरघळणारे मोठे गोळे देतात. नॉर्वेत हेच औषध चाटायच्या मिठाच्या विटांत मिसळलं.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. ते फक्त सीझियमवर चालतं, आयोडीन-स्ट्रॉन्शियमवर नाही. पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच आणि खाद्य दर्जाचंच द्यायचं. रंगाच्या दुकानातली पूड किंवा कपड्यांची नीळ कधीही नाही, ती वेगळी रसायनं आहेत.

बेंटोनाइट माती आणि झिओलाइटही सीझियम धरतात, पण रोज शेकडो ग्रॅम द्यावी लागते आणि फायदा निम्म्याच्या आसपास. स्ट्रॉन्शियमसाठी खुराकातलं कॅल्शियम वाढवतात: ते दुप्पट केलं की दुधात जाणारं स्ट्रॉन्शियम साधारण निम्मं होतं. फॉस्फरसचा तोल बिघडला तर जनावर आजारी पडतं, त्यामुळे हेही स्वतःच्या मनाने नको.

११. शेळीचं दूध सुरक्षित असतं ना? आम्ही बाळाला तेच देतो.

अशा प्रसंगी उलट. जनावराने खाल्लेल्या दर बेकरेलमागे लिटरभर दुधात किती उतरतं ते पाहिलं तर शेळी गाईच्या बरीच पुढे आहे: स्ट्रॉन्शियमसाठी दहा-बारा पट, सीझियमसाठी वीस पटींहून जास्त, आयोडीनसाठी चाळीसच्या आसपास. शेळी खाते कमी, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक इतका राहत नाही, पण आयोडीन तरीही जास्तच भरतं. त्यातून शेळी बांधावर, डोंगरउतारावर मोकळी चरते. येऊरच्या पायथ्याशी किंवा शहापूर-मुरबाडकडे शेळ्या असतील तर त्यांचं दूध सर्वांत आधी थांबवा.

१२. कारखान्यात दुधातून स्ट्रॉन्शियम खरंच काढता येतं का? कसं?

येतं. १९५०-६० च्या दशकांत अणुचाचण्यांची राख जगभर पडत होती, तेव्हा अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथे ही पद्धत नीट बसवली गेली. पाणी मऊ करायला वापरतात तसंच आयन एक्स्चेंज रेझिन (विद्युतभार असलेले अणू, म्हणजे आयन, धरून बदल्यात दुसरे सोडणारे बारीक मणी), पण दुधाला साजेसं तयार केलेलं.

अडचण प्र. १ मध्ये सांगितलेलीच: स्ट्रॉन्शियम केसीनच्या कणांत अडकलेलं असतं, आधी ते सुटं करायला हवं. त्यासाठी दूध थंड करून सायट्रिक आम्लाने पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ६.६ वरून ५.३-५.४ वर आणतात. आता कॅल्शियम आणि स्ट्रॉन्शियम द्रवात उतरतात. मग दूध रेझिनने भरलेल्या उभ्या नळीतून, म्हणजे कॉलममधून सोडतात. रेझिनवर आधीच कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियम हे चारही क्षार दुधातल्या प्रमाणात बसवलेले असतात, त्यामुळे दूध आपले क्षार गमावत नाही, फक्त स्ट्रॉन्शियम मागे राहतं. बाहेर आलेल्या दुधाचा पीएच पोटॅशियम हायड्रॉक्साइडने पुन्हा ६.६ च्या वर नेतात, मग पाश्चराइझ आणि होमोजिनाइझ करतात. यात ९० टक्क्यांहून जास्त स्ट्रॉन्शियम निघतं.

बिघाड कुठे होतो? पीएच ५.२ च्या खाली घसरला किंवा दूध कोमट झालं की केसीन गोळा होतं आणि कॉलम चोंदतो. म्हणून सुरुवातीपासून शेवटपर्यंत १० अंशांच्या आत काम, आणि आम्ल पातळ करून, ढवळत, सावकाश घालायचं. एकदम ओतलं की ते पडलेल्या जागी दही लागतं. पीएच ५.६-५.७ वरच थांबवला तर दूध सुरळीत वाहतं पण स्ट्रॉन्शियम सुटत नाही, आणि मोजणी केल्याशिवाय ही चूक कळतही नाही. रेझिनवर नुसतं सोडियम बसवलं तर कॅल्शियम निघून जातं आणि दूध खारट लागतं. रात्रभर कॉलममध्ये दूध राहिलं तर जंतूंची वाढ होते, म्हणून प्रत्येक पाळीनंतर आधी थंड पाण्याने धुणं, मग निर्जंतुक करणं, मग क्षारांच्या द्रावणाने पुन्हा भरणं.

हे सगळं करूनही किरणोत्सार नाहीसा होत नाही, जागा बदलतो. १०,००० लिटर दुधात लिटरला ५०० बेकरेल असतील तर ते ५० लाख बेकरेल रेझिनवर आणि ते धुतलेल्या पाण्यात येतात. त्यांची सोय आधी करायची असते (प्र. १९).

१३. आयोडीन आणि सीझियमसाठीही असेच कॉलम असतात का?

आयोडीनसाठी ऋण आयन धरणारं रेझिन लागतं. ताज्या दुधातलं ९० टक्क्यांहून जास्त आयोडीन त्यावर राहतं. प्रथिनाला जोडलं गेलेलं आयोडीन सुटत नाही, आणि दूध जितकं शिळं तितका हा भाग वाढतो. तरी आयोडीनसाठी कॉलम उभा करणं क्वचितच परवडतं. तेवढ्या वेळात ते स्वतःच ओसरतं (प्र. ७).

सीझियमसाठी साध्या रेझिनला पोटॅशियमची गर्दी आड येते. प्रशियन ब्लूच्या जातीची संयुगं मात्र पोटॅशियम सोडून सीझियम वेचतात. मोठ्या प्रमाणावर सीझियम काढलं गेलं ते दुधातून नव्हे, निवळीतून: चेर्नोबिलनंतर बव्हेरियात चीज करून उरलेल्या निवळीची सुमारे ५,००० टन पावडर दूषित निघाली. ती मालगाड्यांत पडून होती, कोणी जवळ ठेवायला तयार नव्हतं. अखेर जर्मनीतल्या लिंगेन इथे आयन एक्स्चेंजचा कारखाना उभारून १९९० पर्यंत ती साफ केली गेली. पावडरीच्या किमतीपेक्षा सफाईचा खर्च कितीतरी जास्त झाला.

१४. तूप, चक्का, पनीर, खवा यांपैकी काय करावं?

डेअरीकडे कॉलम नसला तरी सेपरेटर आणि कढई असते. त्यामुळे सर्वांत कामाचा प्रश्न हाच.

तूप सर्वांत चांगलं. मलईत मूळ दुधातल्या किरणोत्साराचा साधारण ५ ते २५ टक्के भाग येतो, लोण्यात १-२ टक्के किंवा त्याहून कमी (आयोडीन थोडं जास्त), आणि कढवून गाळलेल्या तुपात नावापुरता. लोणी दोन-तीन पाण्यांनी धुवा, कारण त्यात अडकलेल्या ताकातच सगळं असतं. कढवलेली बेरी खाऊ नका, लोण्यातून आलेलं उरलंसुरलं तिच्यातच बसतं. १० लिटर म्हशीच्या दुधात ७०० ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो, म्हणजे दुधाच्या पैशाचा मोठा भाग वाचतो. स्किम दूध आणि ताक मात्र जवळजवळ पूर्ण किरणोत्सार घेऊन बाजूला राहतात. ते ‘नुसतं ताक आहे’ म्हणून वाटून टाकण्याचा मोह होतो. तेच करायचं नाही.

चक्का. दही आंबट होतं तेव्हा पीएच ४.६ च्या आसपास येतो आणि कॅल्शियमबरोबर स्ट्रॉन्शियमही सुटून निवळीत उतरतं. चांगला टांगून, दाबून निथळलेल्या चक्क्यात मूळ सीझियम-स्ट्रॉन्शियमचा साधारण दहावा भाग राहतो. आयोडीन त्याहून जास्त, पाव हिश्श्यापर्यंत. घाईने केलेल्या ओल्या चक्क्यात जितकी निवळी तितकं सीझियम.

पनीरमध्ये सीझियम पाण्याबरोबर जातं, पण पनीर चक्क्याइतकं आंबट नसतं, त्यामुळे स्ट्रॉन्शियमचा बराच भाग आतच राहतो. रेनेट (दूध गोठवणारं विकर) घालून केलेल्या चीजमध्ये तर मूळ स्ट्रॉन्शियमचा ८० टक्क्यांपर्यंतचा भाग राहू शकतो. म्हणून स्ट्रॉन्शियम असेल तर पनीर-चीज नको, आणि पनीरचं पाणी कणकेत घालायची आपली सवय त्या दिवसांत बंद.

खवा, बासुंदी, आटवलेलं दूध कधीच नाही. ५ लिटरचा १ किलो खवा होतो. लिटरला ६० बेकरेल असलेल्या दुधाच्या खव्यात किलोला ३०० होतात. काहीही बाहेर जात नाही, फक्त पाणी जातं.

१५. थोडं दूषित दूध भरपूर चांगल्या दुधात मिसळलं तर आकडा मर्यादेत येतो. मग काय बिघडलं?

आकडा येतो, किरणोत्सार तेवढाच राहतो. आधी तो शंभर घरांत जाणार होता, आता हजार घरांत जातो. शिवाय एका टँकरचं मिसळलेलं दूध पुन्हा वेगळं करता येत नाही, आणि कोणत्या तबेल्यात चारा बिघडलाय हे शोधण्याचा मागही पुसला जातो. करू नये.

१६. ऑनलाइन गायगर मीटर घेतला तर पिशवीला लावून कळेल का?

कळणार नाही. लिटरला १०० बेकरेल इतकं कमी प्रमाण हातातल्या मीटरला आजूबाजूच्या नैसर्गिक किरणांतून वेगळं दिसत नाही. काटा हलला नाही म्हणून दूध चांगलं समजणं हा यातला सर्वांत घातक भाग.

खरी मोजणी शिशाच्या जाड आवरणात होते. १ लिटर दूध मध्ये खळगा असलेल्या खास भांड्यात भरून जर्मेनियम किंवा सोडियम आयोडाइडच्या शोधकावर बसवतात. प्रत्येक अणूची ऊर्जा ठरलेली असते: आयोडीन-१३१ ची ३६४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, सीझियम-१३७ ची ६६२, पोटॅशियम-४० ची १,४६१. स्ट्रॉन्शियम-९० असे गॅमा किरण देत नाही. ते रसायनाने वेगळं करून, त्यातून तयार होणारं यिट्रियम-९० साधारण दोन आठवडे वाढू देऊन मोजतात, म्हणून त्याचा अहवाल उशिरा येतो.

नमुना देताना २ लिटर दूध नव्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये द्या. वर तबेल्याचं नाव, धार काढल्याची तारीख आणि वेळ लिहा. वेळ नसेल तर आयोडीनचा मूळ आकडा मागे मोजता येत नाही. सकाळ-संध्याकाळचं दूध एकत्र करू नका. बाटली धुळीच्या हाताने हाताळली तर दुधापेक्षा बाटलीच जास्त मोजली जाते.

१७. वाशीला मसाल्यांवर किरण सोडतात. ते मसाले किरणोत्सारी नाहीत का?

नाहीत. वाशीच्या प्रकल्पात कोबाल्ट-६० चे गॅमा किरण मसाल्यातून आरपार जातात आणि जंतू मारतात. किरणोत्सारी पदार्थ मसाल्यात मिसळत नाही आणि गॅमा किरणांनी मसाला स्वतः किरणोत्सारी होत नाही. दूषित दुधात मात्र पदार्थच शिरलेला असतो. त्यामुळे दूषित दूध तिथे नेऊन ‘शुद्ध’ करून आणता येणार नाही, हेही ओघाने आलंच.

१८. मुंबईत एकदा परदेशी लोण्यावरून कोर्टात केस झाली होती ना?

हो. चेर्नोबिलनंतर युरोपीय मदतीतून आयर्लंडचं लोणी आलं होतं, दूध योजनांत वापरण्यासाठी. ते दूषित असल्याच्या शंकेवरून मुंबईत जनहित याचिका झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली, आणि लोणी खाण्यास योग्य असल्याच्या तिच्या अहवालानंतर १९८८ मध्ये ते निकाली निघालं. प्र. १४ वाचल्यावर लक्षात येईल की दुधाच्या पदार्थांत लोण्यात सीझियम कमीच उतरतं. तरीही लोकांनी प्रश्न विचारला, मोजमाप मागितलं, हे योग्यच झालं.

१९. टाकून द्यायचं तर कुठे? नाल्यात, खाडीत चालेल?

नाही, आणि कारण किरणोत्साराआधी दुधाचंच आहे. कुजताना दूध पाण्यातला ऑक्सिजन शोषून घेतं. लिटर दुधाची ही मागणी सुमारे १ लाख मिलिग्रॅम असते, साध्या सांडपाण्याच्या शेकडो पट. काही टँकर उल्हास नदीत किंवा ठाणे खाडीत सोडले तर मासे मरतील. खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा आहे.

फक्त आयोडीन असेल तर टाकूच नका, साठवा (प्र. ८). सीझियम-स्ट्रॉन्शियमचं दूध अधिकाऱ्यांच्या सांगण्यानुसार, ज्या जमिनीवरचा चारा होता तिथेच पाणी मिसळून पसरतात, विहीर आणि ओढ्यापासून लांब. वापरलेलं रेझिन आणि धुण्याचं पाणी ही किरणोत्सारी कचऱ्याची बाब आहे. त्यावर अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी लागते, भंगारवाल्याची नव्हे. प्रशियन ब्लू दिलेल्या जनावराच्या शेणात सीझियम एकवटतं, म्हणून त्या काळातलं शेण भाजीच्या मळ्यात घालू नका आणि त्याच्या गोवऱ्याही थापू नका. जाळल्यावर राखेत ते आणखी दाट होतं.

२०. सूचना आली त्या दिवशी घरात असलेल्या पिशव्यांचं काय? नवं पिशवीचं दूध घ्यावं की नाही?

सूचनेआधी भरलेली बंद पिशवी चांगलीच. वरून धुवा, पुसा, मग फोडा. पिशवीचं बरंचसं दूध कोल्हापूर, सांगली, नगर, गुजरात इकडून येतं, त्यामुळे इथे काही घडलं तरी तिकडच्या दुधाला लगेच काही होत नाही, आणि तिकडे घडलं तर इथे बसूनही दूध तपासावं लागेल. लहान मुलांसाठी दोन आठवडे पुरेल इतकी दुधाची पावडर घरात असली की पहिल्या दिवसांची धावपळ वाचते.

२१. आयोडीनच्या गोळ्या घेऊन तेच दूध प्यायलं तर?

गोळी दुधाला पर्याय नाही. पोटॅशियम आयोडाइड थायरॉइड साध्या आयोडीनने भरून टाकतं, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनला तिथे जागा उरत नाही. मात्रा मोठ्यांना १३० मिलिग्रॅम, ३ ते १२ वर्षांना ६५, महिना ते ३ वर्षांपर्यंत ३२, नवजाताला १६. ती प्रशासनाने सांगितल्यावरच आणि सांगितलेल्या वेळीच घ्यायची. सीझियम-स्ट्रॉन्शियमवर तिचा उपयोग शून्य. १९८६ मध्ये पोलंडने १ कोटीहून अधिक मुलांना आयोडीन दिलं, पण सोबत लहानग्यांसाठी पावडरचं दूधही पुरवलं. जखमेवर लावायचं आयोडीन कोणीही पिऊ नये.

२२. अंगावर दूध पाजणाऱ्या आईचं काय? आणि हॉस्पिटलात आयोडीनचं औषध घेतलेल्या आईचं?

दोन वेगळे प्रसंग आहेत. अपघातानंतर आईने दूषित दूध-भाजी टाळली तर साधारणपणे अंगावरचं दूध चालू ठेवणंच हिताचं. आयोडीनच्या गोळीची सूचना आली तर ती आईला आणि बाळाला, दोघांनाही स्वतंत्रपणे लागते, कारण आईची गोळी बाळाला पुरत नाही.

थायरॉइडच्या उपचारासाठी आयोडीन-१३१ दिलं असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. ते थेट आईच्या दुधात उतरतं, त्यामुळे त्या बाळाला अंगावर पाजणं कायमचं थांबवावं लागतं. उपचाराच्या निदान सहा आठवडे आधी पाजणं बंद केलेलं असावं, नाहीतर औषध स्तनांतही साठतं. दूध काढून, साठवून, ८० दिवसांनी देण्याचा हिशेब इथे कोणी मांडू नये. टेक्नेशियमच्या (लवकर ओसरणाऱ्या किरणोत्सारी द्रव्याच्या) स्कॅनसाठी खंड असलाच तर काही तासांचा असतो. कोणतं औषध, किती मात्रा आणि किती खंड, हे अपॉइंटमेंट घेतानाच ‘मी बाळाला पाजते’ असं सांगून न्यूक्लिअर मेडिसिन विभागाकडून लेखी घ्या.